कापून नेलेला तुकडा वाढतो कसा?

जनुकं गुणसूत्रावर आपापल्या जागी कायमची बसलेली असतात, हा शाळेत झालेला समज पुष्कळांच्या डोक्यातून शेवटपर्यंत जात नाही. फळमाशीच्या डीएनएत मात्र जागा बदलणारे तुकडे आहेत. त्यातला पी-घटक तर विलक्षणच.

१९७७ साली मार्गारेट किडवेल आणि सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक प्रकार नोंदवला. निसर्गातून पकडलेले नर आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पोसलेल्या माद्या यांच्या संततीत वांझपणा आणि उत्परिवर्तनं फार दिसत. उलट संकर केला, म्हणजे निसर्गातल्या माद्या आणि प्रयोगशाळेतले नर घेतले, की संतती धडधाकट! नरांकडे पी-घटक होते, माद्यांकडे नव्हते, हे पुढे उलगडलं.

पूर्ण पी-घटक डीएनएच्या २९०७ अक्षरांचा. दोन्ही टोकांना ३१ अक्षरांचा तोच मजकूर, पण उलट्या दिशेनं. मधे ट्रान्सपोझेज या विकराचं जनुक. हे विकर टोकं ओळखतं, तुकडा कापून काढतं आणि दुसरीकडे घुसवतं. नव्या जागी डीएनएचे दोन धागे ८ अक्षरं मागेपुढे कापले जातात, म्हणून फट भरल्यावर तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तीच ८ अक्षरं उमटतात.

आता खरी गंमत. कापून नेलं तर संख्या तेवढीच राहायला हवी. पण ती वाढते! जुन्या जागी पडलेलं खिंडार पेशीला बुजवावंच लागतं. विभाजनापूर्वी गुणसूत्राची जुळी प्रत तयार झालेली असते आणि तिच्यात पी-घटक शाबूत असतो. त्या प्रतीवरून पेशी स्वतःच तो पुन्हा लिहून काढते. लिहिणं अर्धवट राहिलं, तर मधला भाग गळालेले घटक तयार होतात.

हे सगळं जननपेशींत चालतं. शरीराच्या इतर पेशींत ट्रान्सपोझेजच्या आरएनएमधला तिसरा इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकायचा मधला तुकडा, काढला जात नाही. आखूड प्रथिन बनतं, ते कापू तर शकत नाहीच, उलट उड्या रोखतं.

‘सुप्त डीएनए जागृत करून देतो’ असं सांगून पैसे उकळणाऱ्यांनी ही माशी पाहावी. जागा झालेला डीएनए तिला वांझ करतो.

मग उलट संकरात संतती वाचते कशी? पी-घटक बाळगणारी आई अंड्यात पायआरएनए नावाचे छोटे आरएनए भरून ठेवते. पिवी गटातली प्रथिनं त्यांच्या आधारे पी-घटकाचा आरएनए हुडकून त्याला गप्प करतात. शुक्राणूतून हा साठा येत नाही. तरीही वांझ निघालेल्या काही माद्या वय वाढल्यावर अंडी घालू लागतात, कारण बापाकडून आलेल्या पी-घटकांवरूनच त्या स्वतःचे पायआरएनए बनवायला लागलेल्या असतात.