75 की 85? स्टोन डस्ट मागवण्याआधी एवढं वाचा

भूमिगत कोळसा खाणीत धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून फवारतात ती चुनखडीची भुकटी, म्हणजे स्टोन डस्ट, आम्ही पुरवतो. ती मिसळल्यावर खाणीतल्या धुळीचा न जळणारा भाग कोळशानुसार किमान 75 किंवा 85 टक्के असावा लागतो. ऑर्डर देताना बरेचजण सांगतात, "मागच्या वेळी 75 टक्क्यांच्या हिशेबाने घेतली होती, आता 85 करायचे आहेत, दहा टक्के वाढवून पाठवा." हिशेब इथेच चुकतो. मग तपासणीत धुळीचा नमुना नापास होतो, काम थांबतं आणि दुसरी गाडी मागवावी लागते.

गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, 100 किलो कोळशाची धूळ आहे असं धरा. तिच्यात राख आणि ओलावा मिळून 25 किलो, म्हणजे जळणारा भाग 75 किलो. न जळणारा भाग 75 टक्के करायचा तर एकूण वजन 300 किलो व्हायला हवं, म्हणजे भुकटी 200 किलो. 85 टक्क्यांसाठी तेच जळणारे 75 किलो एकूण वजनाच्या फक्त 15 टक्के उरले पाहिजेत. एकूण 500, भुकटी 400. सरळ दुप्पट! कोळशात व्होलाटाइल मॅटर (तापवल्यावर वायू होऊन निघून जाणारा भाग) 30 टक्क्यांहून जास्त असलं की 85 चा नियम लागतो, आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा त्यातच मोडतो.

म्हणून आधी धूळ झाडून, भरून वर काढा. वरच्या हिशेबाने एक किलो धूळ उचलली की चार किलो भुकटी वाचते. आमची विक्री त्याने घटते, तरी सांगणं आमचं काम आहे.

फवारताना छत आणि बाजू सोडू नका. स्फोटाच्या दाबाने आधी तिथलीच धूळ उडते. भुकटी तिच्यासोबत उडाली तरच उष्णता शोषते आणि ज्वाला पुढे जात नाही. पांढऱ्या थरावर कागदाएवढी काळी धूळ बसली तरी धोका परततो, तेव्हा पुन्हा फवारा. सुरुवात रिटर्नकडच्या (वापरलेली हवा बाहेर जाते त्या) टोकापासून करून इनटेककडे (ताजी हवा आत येते तिकडे) सरका, म्हणजे फवारणाऱ्याला ताजी हवा मिळेल. मास्क हवाच, आणि हवा वाहत जाते त्या बाजूला कुणी माणूस नको.

"भुकटीचे गोळे झालेत," ही दुसरी तक्रार. पोती रिटर्नमध्ये थेट जमिनीवर ठेवली की दमट हवेत असं होणारच. कोरड्या जागी, फळ्यांवर ठेवा, जुनी आधी वापरा. चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकर मारा. उडाली नाही तर ती भुकटी कामाची नाही.

क्रशरची पूड स्वस्त मिळते, हे खरं. पण भुकटीत फ्री सिलिका (मोकळ्या रूपातली सिलिका, जशी वाळूत असते) 5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारण ती कामगारांच्या फुप्फुसांत जाते. कुठल्याही दगडाच्या पुडीबद्दल ही खात्री देता येत नाही. म्हणून आम्ही निवडलेली चुनखडीच दळतो आणि प्रत्येक लॉटसोबत सिलिका व बारीकपणाचा तपासणी अहवाल देतो.

ऑर्डर देताना धुळीतली राख, ओलावा, व्होलाटाइल मॅटर आणि झाडलोट झाल्यावर उरलेल्या धुळीचा अंदाज कळवा. किती पोती लागतील ते आम्ही विनाशुल्क काढून देतो.