शेपटीची रुंदी आणि लाटेचा वेग

10 मीटर उंचीची लाट साधारण 12-13 मीटर खोल पाण्यावर आली की फुटते. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो, आणि इथे तो ताशी 40 किलोमीटरच्या आसपास भरतो. सर्फबोर्डवर, म्हणजे लाटेवर स्वार व्हायच्या फळीवर, पालथं पडून हातांनी पाणी मारणारा माणूस जेमतेम ताशी 6-7 किलोमीटरने पुढे सरकतो. म्हणजे एकाच फळीला आधी मंद वेगात लाट गाठायची असते आणि लगेच भरधाव वेगात ताब्यात राहायचं असतं. या दोन कामांसाठी लागणारे आकार एकमेकांच्या विरोधात जातात.

हवाईत 1937 साली जॉन केली, वॉली फ्रॉयसेथ आणि फ्रॅन हीथ या तरुणांना हाच पेच पडला. त्यांच्या रेडवुड लाकडाच्या फळ्यांना रुंद, चौकोनी शेपटी, म्हणजे मागचं टोक, होती आणि खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती, नव्हती. उभ्या लाटेवर शेपटी आडवी घसरायची. कारण साधं आहे: वेग दुप्पट झाला की पाण्याचा वर रेटा चौपट होतो. रुंद शेपटी त्या रेट्याने वर उचलली जाते, तिची कड पाण्यात रुतत नाही, आणि फळीला धरायला काही उरत नाही. त्यांनी कुऱ्हाडीने शेपटी अरुंद केली, मागच्या तळाला इंग्रजी ‘व्ही’सारखा उतार दिला. फळी लाटेला चिकटून राहू लागली. फार हुशारीची दुरुस्ती होती ती. या फळीचं नाव पडलं ‘हॉट कर्ल’.

हवाईतल्याच वाइमिया खाडीतल्या लाटांवर 1957 मध्ये स्वारी झाली. तिथे ‘गन’ जातीचे बोर्ड रुळले: 10 फुटांहून लांब, सर्वात जास्त रुंदी मध्याच्या पुढे, शेपटी टोकदार. लांबी हवी, कारण पोटावर पडून वल्हवताना बोर्ड स्वतःच्याच लाटेत अडकतो, आणि ही वेगाची मर्यादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, वर बाक कमी पडला तर उतरताना टोक पाण्यात घुसतं. जास्त झाला तर बोर्ड पुढचं पाणी ढकलत बसतो आणि लाट हातची जाते.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला लेयर्ड हॅमिल्टन, बझी कर्बॉक्स आणि डॅरिक डोर्नर यांनी मोटरबोटीच्या, पुढे जेटस्कीच्या दोरीने ओढून घेत लाट गाठली. वल्हवण्याचं कामच संपलं, तशी लांबी निरर्थक झाली. बोर्ड 7 फूट आणि त्याखाली आले, अंगाने अरुंद झाले, फिन लहान झाल्या, पाय अडकवायला विंडसर्फिंगसारखे पट्टे आले. वजन मात्र मुद्दाम वाढवलं, कधी शिसं घालून. वाऱ्याने लाटेच्या अंगावर बारीक खळबळ उठते. हलका बोर्ड तिच्यावर टणाटण उडतो, जड बोर्ड ती कापत जातो.

हवाईच्या माउई बेटावरच्या ‘जॉज’ या मोठ्या लाटांच्या ठिकाणी आज पुन्हा हातांनी वल्हवून लाटा पकडणारे आहेत, तेही 10 फुटी गन घेऊनच. तिथला वारा लाटेच्या भिंतीवरून वर चढतो आणि नाकाखाली शिरून आख्खा बोर्ड उलथतो. म्हणून वजन वाढवायला या गनवर फायबरग्लासचे जादा थर चढवतात.