मानसिक ताण आणि आयटीपीमधील प्लेटलेट-संख्या

इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया (आयटीपी) हा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे बिंबाणू, कमी होण्याचा स्वप्रतिरक्षा विकार आहे, म्हणजे यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असतात. ही संख्या १ लाखाच्या खाली गेली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर आयटीपीचे निदान होते. मनाला मोठा धक्का बसला की प्लेटलेट घसरतात, असा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. त्याचा उलगडा मात्र सरळ नाही.

विकाराचे मूळ प्रतिपिंडांत (अँटीबॉडीत) आहे. ते प्लेटलेटना चिकटतात आणि मग प्लीहेतील (पोटातल्या पाणथरीतील) भक्षक पेशी त्या प्लेटलेट गिळून टाकतात. १९५० मध्ये अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनी रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांचे स्वतःचे प्लेटलेट कोसळले. दोष रक्तातल्याच एखाद्या घटकात आहे, हे त्या धाडसी (आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही अशा) प्रयोगाने दिसले.

आता ताणाकडे पाहू. अचानक भीती वाटली की अॅड्रेनलिन स्रवते, प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठलेले प्लेटलेट रक्तात येतात. शरीरातील जवळपास एक तृतीयांश प्लेटलेट तिथेच असतात. म्हणजे तात्कालिक ताणात संख्या थोडा वेळ वाढते! ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही आयटीपीवर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्याच कुळातले, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे. ताण महिनोन्महिने टिकला तर रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलला जुमानेनाशा होतात आणि दाह वाढतो. पण दाहामुळे प्लेटलेटची निर्मितीही वाढू शकते. त्यामुळे ताणाने प्लेटलेट थेट नष्ट होतात, असे ठामपणे म्हणता येत नाही.

आडवाट अधिक पटण्याजोगी आहे. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना संसर्ग होण्याचे प्रमाणही जास्त निघाले. विषाणुसंसर्गानंतर आयटीपी उफाळतो, हे तर परिचितच आहे. ताणाच्या दिवसांत गोळ्या चुकतात, तेही विसरून चालणार नाही.

शिवाय या विकारात संख्या आपोआपच वरखाली होते. कधी रक्तनमुन्याच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन यंत्र खोटाच कमी आकडा दाखवते. वाईट रिपोर्ट हाती आला की मागच्या आठवड्यातले भांडण आठवते. चांगल्या रिपोर्टआधीचे भांडण कोण लक्षात ठेवतो?

उलट दिशेचा संबंध बराच पक्का आहे. थकवा, रक्तस्रावाची धास्ती, पुढच्या तपासणीची वाट पाहणे यांनी रुग्ण खचतो. त्यात स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी उदासी येते. प्लेटलेट आधी घसरलेले असतात, डोस त्यानंतर वाढतो आणि मन त्याहीनंतर बिघडते. सांगताना मात्र हा क्रम सहज उलटा होतो.

ताणावरचे उपचारही जपून निवडावे लागतात. रक्त गोठवताना प्लेटलेटना सेरोटोनिन या रसायनाची मदत होते, पण ते स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, रक्तातून शोषून घेतात. एसएसआरआय गटातील नैराश्यविरोधी औषधे हेच शोषण रोखतात. त्यामुळे संख्या तीच राहूनही रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. डोकेदुखीवर घेतलेल्या अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनबाबतही तेच, म्हणून अशी कोणतीही गोळी सुरू करण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारावे लागते.