पार्श्वभूमी : सर्किट बोर्डावरची विद्युतचुंबकीय लहर संगणकावर मोजायला कशी सुरुवात झाली

दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या ५० हर्ट्झच्या विजेची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर. तिच्यापुढे भुसावळ ते धुळे हे अंतर खिजगणतीतही नाही, म्हणून तिथे किरचॉफचे (साध्या सर्किटातल्या प्रवाह आणि दाबाचे) नियम बिनघोर लावता येतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झला मात्र हीच लांबी हवेत साडेबारा सेंटीमीटर, आणि नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डावरच्या मायक्रोस्ट्रिपमध्ये, म्हणजे खाली तांब्याचा पत्रा आणि वर अरुंद पट्टी अशा रचनेत, सातेक सेंटीमीटर. तळहाताएवढ्या बोर्डावर अख्खी लहर मावते. मग तांब्याची पट्टी नुसती जोडतार राहत नाही. तिची रुंदी, वळण, शेजारची पट्टी हे सगळंच सर्किट होतं.

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची समीकरणं तर केव्हाचीच तयार होती. मॅक्सवेलचा निबंध १८६५चा. आज शिकवतात तो आटोपशीर साचा हेविसाइडने १८८०च्या दशकात दिला. अडलं होतं ते आकारापाशी. आयताकृती किंवा गोल वेव्हगाइडचं (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचं) उत्तर कागदावर निघतं. १९५२च्या सुमारास मायक्रोस्ट्रिप आली आणि पंचाईत झाली: तिचं क्षेत्र थोडं बोर्डात, थोडं हवेत. नेमकं सूत्र नाहीच. अंदाजी सूत्रांवर भागवायचं.

१९६६ साली केन यी यांनी एक साधी युक्ती मांडली. जागेचे छोटे घन पाडायचे, विद्युतक्षेत्र घनांच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्र पृष्ठांवर ठेवायचं, आणि आळीपाळीने एकावरून दुसरं काढत काळ पुढे सरकवायचा. केळीच्या बागेत पाणी एका वाफ्यातून लगतच्याच वाफ्यात उतरतं, मधला ओलांडून पुढे जात नाही, तसंच इथे. म्हणून काळाचं पाऊलही लहान लागतं. लहर एका पावलात घन ओलांडून गेली की आकडे बेफाम वाढतात. पुढची जवळपास दहा वर्षं या लेखाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. तेव्हाच्या संगणकांच्या मेमरीत असे घन मावणार किती? १९७५मध्ये टॅफ्लोव्ह आणि ब्रॉडविन यांनी ती पद्धत पुन्हा हाती घेतली, तीही सर्किटसाठी नव्हे, तर मायक्रोवेव्हने माणसाचा डोळा किती तापतो हे पाहण्यासाठी! तिला एफडीटीडी (फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन) हे नाव टॅफ्लोव्ह यांनी १९८०मध्ये दिलं. तरी एक दुखणं उरलंच: जाळीच्या कडेवर आपटून लहर परत यायची आणि उत्तर नासवायची. बेरांजे यांनी १९९४मध्ये कडेला लहर गिळणारा थर सुचवला, तेव्हा ते खऱ्या अर्थाने आटोक्यात आलं. माझ्या मते या पद्धतीला व्यवहारात वजन आलं ते या थरामुळे; नुसती यी यांची जाळी पुरली नसती.

दुसरी वाट रॉजर हॅरिंग्टन यांची. १९६८च्या त्यांच्या ग्रंथाने मोमेंट पद्धत रूढ केली. इथे जागा भरायची नाही, फक्त धातूवरचा प्रवाह शोधायचा. अँटेनासाठी उत्तम, पण त्यातलं मॅट्रिक्स (समीकरणांच्या आकड्यांचा तक्ता) गच्च भरलेलं: १०,००० अज्ञातं धरली तर नुसतं ते साठवायलाच सुमारे १.६ जीबी लागतात. १९८२मध्ये राव, विल्टन आणि ग्लिसन यांनी त्रिकोणी तुकड्यांची सोय केली आणि वेडेवाकडे पृष्ठभागही आवाक्यात आले.

तिसरी वाट फायनाइट एलिमेंटची, म्हणजे जागेचे छोटे तुकडे पाडून सोडवायची; ती बांधकामशास्त्रातून आलेली. सिल्व्हेस्टर यांनी ती १९६९मध्ये वेव्हगाइडला लावली. क्षेत्राचे घटक कोपऱ्यांवर ठेवले की प्रत्यक्षात नसलेले मोड (लहरीचे आकृतिबंध) उत्तरात घुसायचे. नेडेलेक यांच्या १९८०च्या कामावर उभ्या राहिलेल्या कडांच्या मांडणीने ते हटले. १९९०मध्ये या पद्धतीवरचं एचएफएसएस हे सॉफ्टवेअर बाजारात आलं.

आज शिरपूर-फैजपूरकडचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी पॅच अँटेनासाठी (बोर्डावरच्या सपाट तांब्याच्या तुकड्याच्या अँटेनासाठी) ओपनईएमएस हे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेऊ शकतो. आत चालते ती यी यांचीच पद्धत, आणि तिचा हिशोबही जुनाच: घनाची बाजू निम्मी केली की घन आठपट, पावलं दुप्पट, म्हणजे काम सोळापट. संध्याकाळी लावलेलं गणित सकाळपर्यंत चालतं, अर्थात मधे लाईट गेली नाही तर.