ब्रँच म्हणजे ४१ बाइटची चिठ्ठी

आमचा चुलतभाऊ परवा कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं लॅपटॉप घेऊन आला, गुळाच्या अडत दुकानासाठी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद) काढायचं सॉफ्टवेअर लिहितोय पोरगं, आणि बघतोय तर डेस्कटॉपवर 'पट्टी', 'पट्टी नवीन', 'पट्टी फायनल', 'पट्टी फायनल खरंच' अशी चार फोल्डरं. म्हटलं अरे भावा, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलंयस की, मग ब्रँच, म्हणजे बदल करून बघायची वेगळी वाट, का काढत नाहीस? तर म्हणतोय, "दादा, ब्रँच काढली की सगळा प्रोजेक्ट कॉपी होणार, जागा किती खाईल." आणि हे कोण बोलतंय, तर चार फोल्डरं घेऊन बसलेला माणूस!

तसा हा गैरसमज लई जणांचा आहे. आधीच्या सबव्हर्जन नावाच्या असल्याच सॉफ्टवेअरमध्ये ब्रँच दिसायलाच वेगळं फोल्डर असायची, त्यामुळं असेल. म्हणून त्याला लपवलेलं डॉट गिट फोल्डर उघडायला लावलं, आत रेफ्स, त्याच्या आत हेड्स, आणि तिथं 'मेन' नावाची, म्हणजे मुख्य ब्रँचची, फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तर एकच ओळ, ४० अक्षरं, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ. ओळ संपल्याची खूण धरून ४१ बाइट. बास, हीच ब्रँच.

मग माल कुठाय? माल कमिटमध्ये. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणाचा सगळ्या फाइलींचा फोटो (ज्या फाइली बदलल्या नाहीत त्या परत साठवत नाही, जुन्याकडंच बोट दाखवतो) आणि सोबत आधीच्या कमिटचा नंबर. कमिटला आपला बाप माहीत असतो, पोरं माहीत नसतात. ब्रँच ही फक्त शेवटच्या कमिटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, नवीन कमिट केलं की जुना नंबर खोडून नवा लिहायचा. आणि 'हेड' म्हणजे आपण सध्या कुठल्या चिठ्ठीवर बसलोय ते. ब्रँच डिलीट केली तरी चिठ्ठीच फाटते, कमिट लगेच कुठं जात नाहीत, गिटच्या रेफलॉगमध्ये (चिठ्ठ्यांवरचे नंबर कसे बदलत गेले त्याची वही) नोंद राहते आणि सेटिंग बदललं नसेल तर असले अनाथ कमिट ३० दिवस तरी शोधून काढता येतात.

ब्रँच काढणं असं फुकटात पडतं, खरी गंमत मर्जला, म्हणजे फुटलेल्या ब्रँच परत एकत्र करायला. लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नल (लिनक्स सिस्टिमचा गाभा) लिहिणाऱ्या लोकांना बिटकीपर हे बदल सांभाळायचं आधीचं सॉफ्टवेअर फुकट वापरता येईना म्हणून, आणि तिथं जगभरातून आलेले बदल सतत एकत्र करायचे असतात, त्यामुळं मर्ज फास्ट असणं गरजेचंच होतं. मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं, माझं, तुझं, आणि दोघांचे रस्ते जिथनं फुटले तो कमिट. एखादी ओळ एकट्यानंच बदलली असेल तर त्याची घ्यायची, दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर हात वर करायचे, म्हणजे कॉन्फ्लिक्ट. दोनपेक्षा जास्त ब्रँच एकदम मिळवता येतात, त्याला ऑक्टोपस मर्ज म्हणतात, मी त्याला पंचगंगा मर्ज म्हणतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती सगळ्या एकात. पण हातानं सोडवायचा कॉन्फ्लिक्ट आला की ऑक्टोपस मर्ज सरळ नाही म्हणतं.

कॉन्फ्लिक्टला पोरं उगंच घाबरतात. तो बरा, निदान ओरडून सांगतो. मला भीती वाटते ती गुपचूप झालेल्या मर्जची, कारण गिटला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. आमचंच झालं. भावानं हमालीची ब्रँच काढली, त्यात वजन गुणिले क्विंटलचा दर. तिकडं मी मेनवर वजनाचं फंक्शन क्विंटलऐवजी किलोत उत्तर देईल असं केलं. फाइली वेगळ्या, ओळी वेगळ्या, मर्ज एकदम क्लीन, कॉन्फ्लिक्ट शून्य. टेस्टला गुळाचे ३० किलोचे ३० रवे (ढेपा) टाकले, म्हणजे ९ क्विंटल, दर समजा १२ रुपये, तर हमाली यायला पाहिजे १०८. पट्टीवर आली १०,८००. भाऊ स्क्रीनकडं बघत म्हणाला, "दादा, ही पट्टी बघितली तर शेतकरी आपल्यालाच गुऱ्हाळात घालंल."