बोफर्ट हाउस ते लिली ब्रिज: हौशी मैदानी अजिंक्यपदाची पार्श्वभूमी

३ जुलै १८८० रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशनची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या मागे चौदा वर्षांचा वाद होता. रेषेवर उभं राहण्याचा हक्क कोणाला, एवढाच त्यातला प्रश्न.

आधीची स्पर्धा २३ मार्च १८६६ ची, वॉलहॅम ग्रीनमधल्या बोफर्ट हाउसच्या मैदानावरची. ती भरवली अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने. दुसऱ्याच दिवशी थेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत असल्याने दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी लंडनात असणार, हे धरूनच तारीख ठरली होती. उन्हाळ्यात तयारीला येणाऱ्या बाकीच्या क्लबांना मात्र मार्च कधीच सोयीचा नव्हता. १०० यार्ड टॉमस कोलमोरने १०.५ सेकंदांत जिंकली, मैलाची शर्यत चार्ल्स लॉजने ४ मिनिटं ३९ सेकंदांत. सात मैल चालण्यात पहिला आला तो क्लबच्या संस्थापकांपैकी जॉन चेंबर्स.

१२० यार्ड अडथळ्यांची शर्यत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. साडेतीन फूट उंचीचे दहा अडथळे. पहिल्यापर्यंत १५ यार्ड, दोन अडथळ्यांत १०, शेवटच्यानंतर पुन्हा १५. त्या सुरुवातीच्या काळातले अडथळे म्हणजे मेंढ्यांच्या वाड्याला लावतात तसली जमिनीत रोवलेली लाकडी चौकट. पाय लागला तर चौकट पडत नसे, धावणारा पडे. म्हणून अडथळा घासून जाण्याऐवजी सगळे उंच उडी घेत आणि वेळ तिथेच जाई. आजच्या ११० मीटर शर्यतीतले १३.७२ आणि ९.१४ मीटर हे विचित्र आकडे म्हणजे तेच १५ आणि १० यार्ड. आपल्या क्रीडासंकुलांतला पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळाही मूळचा १६ पौंडांचाच.

हौशी कोण, याची क्लबची व्याख्या ‘जंटलमन’ या शब्दापासून सुरू होई. पैशासाठी धावलेला किंवा खेळ शिकवून पोट भरणारा बाद. सट्टा आणि ठरवून हरलेल्या शर्यती तेव्हा सर्रास होत्या, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण लवकरच कारागीर, मजूर यांनाही नियमाने वगळलं गेलं. हातांनी काम करणं म्हणजे पैशासाठी धावणं नव्हे. हा सरळ अन्याय होता.

१८७९ पर्यंत बेबनाव इतका वाढला की लंडन अ‍ॅथलेटिक क्लबने उन्हाळ्यात स्टॅमफर्ड ब्रिजवर स्वतःची वेगळी अजिंक्यपद स्पर्धा घेतली. अखेर २४ एप्रिल १८८० ला ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात क्लेमंट जॅक्सन, माँटेग्यू शेअरमन आणि बर्नार्ड वाइज यांच्या पुढाकाराने सगळे एकत्र बसले. मजुरांवरची बंदी गेली, स्पर्धा उन्हाळ्यात आली, शिवाय ती लंडनबाहेरही फिरू लागली: १८८१ ला बर्मिंगहॅमजवळ अ‍ॅस्टन, १८८२ ला स्टोक.

पैशाचा नियम तेवढा राहिला. १८८० ला मैल आणि चार मैल दोन्ही जिंकणारा वॉल्टर जॉर्ज हा औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला तरुण. पुढे तो व्यावसायिक झाला आणि २३ ऑगस्ट १८८६ ला त्याच लिली ब्रिजवर मैल ४ मिनिटं १२.७५ सेकंदांत धावला. हौशींच्या विक्रमांत ही वेळ धरली गेली नाही. आणि १९१५ पर्यंत एकाही हौशी धावपटूला तिच्या पुढे जाता आलं नाही.