मेल गेला, पण पोचला का?
आंबा-काजूवाले आणि होमस्टेवाल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हंगाम तोंडावर आला की तुमच्या मेलचं काम बघणाऱ्या आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो : "मेल तर सगळ्यांना पाठवला, मग ऑर्डर का नाहीत?" बहुतेक वेळा मेल निघालेला असतो, पण ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून असतो. मग लोक म्हणतात, डिझाइन बदला. डिझाइनचं नंतर बघू, आधी दारातून आत जाऊ.

गेटवरचा वॉचमन

मुंबईच्या सोसायटीत पेटी पाठवली की गेटवर वॉचमन विचारतोच : कुणाकडून, कुणाला? जीमेल, याहू हेच करतात. त्यांचं समाधान तीन गोष्टींनी होतं आणि तिन्ही तुमच्या डोमेनच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या तुमच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एकदाच नोंदवायच्या असतात.

एसपीएफ म्हणजे गेटवर देऊन ठेवलेली यादी : माझ्या नावाने फक्त हेच टेम्पो, म्हणजे मेल पाठवणारे सर्व्हर, येतील. डीकेआयएम म्हणजे पेटीवरचं सील. माल आमच्याकडूनच निघाला आणि वाटेत कुणी उघडला नाही, हे त्यावरून कळतं. आणि यादी आणि सील यांपैकी एकही खूण पटली नाही तर पेटी सोडायची, बाजूला ठेवायची की परत धाडायची, ही वॉचमनला दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. कर्नाटकचा आंबा देवगड हापूस म्हणून खपवला जातो, तसा तुमच्या नावाने भलत्यानेच मेल पाठवणंही अवघड नसतं. डीमार्क त्यासाठी आहे. सुरुवात 'सोडा, पण कळवा' इथून करावी. अहवाल बघून आपले सगळे टेम्पो यादीत आल्याची खात्री झाली की मगच 'परत धाडा' म्हणावं.

एक कबुली. एका ग्राहकाच्या डोमेनवर आधीची एसपीएफ नोंद असताना आम्ही दुसरी घातली होती. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद. चार दिवस डोकं खाजवल्यावर ते सापडलं. आता आधी जुनी नोंद बघतो.

साध्या जीमेल पत्त्यावरून बल्क मेल (एकाच वेळी शेकडो जणांना) पाठवणं सोडा. पाठवणारा म्हणून जीमेलचं नाव आणि गाडी भलत्याच सर्व्हिसची, हे वॉचमनला लगेच दिसतं. स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाचा खर्च आंब्याच्या एका पेटीपेक्षा फारसा जास्त नसतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे नियम कडक झालेत. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेल पत्त्यांवर गेले की या तिन्ही गोष्टी सक्तीच्या, शिवाय एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब होण्याची, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची, सोय हवी. तुम्ही तेवढे पाठवत नसाल तरीही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. आणि 'हा स्पॅम आहे' असं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका, ०.१ च्या आत राहिलं तर उत्तम. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं चिडली तरी तुम्ही काठावर.

यादी कुणाची?

'मुंबईतले एक लाख ई-मेल पत्ते स्वस्तात' असं कुणी पेन ड्राइव्ह दाखवलं तर चहा पाजून वाटेला लावा. त्या यादीतल्या कुणी तुम्हाला बोलावलेलं नाही, निम्मे पत्ते बंद आणि काही स्पॅम पाठवणारे पकडायला मुद्दाम पेरलेले सापळे. अशी यादी आमच्याकडे आणलीत तर आम्ही ती वापरणार नाही, आधीच सांगून ठेवतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुळाशी आहे आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. बिल करताना, किंवा होमस्टेच्या रजिस्टरवर सही घेताना, 'पुढच्या हंगामात मेल पाठवू का?' एवढंच विचारा. असे तीनशे पत्ते आम्हाला त्या एक लाखापेक्षा प्रिय.

परत आलेले बंद पत्ते त्याच दिवशी काढा. दोन वर्षांत एकदाही प्रतिसाद न दिलेल्यांना शेवटचं विचारून निरोप द्या.

आणि हो, जूनपासून गप्प बसून पाडव्याला एकदम आठ हजार मेल सोडू नका. वर्षभर न दिसलेला टेम्पो एका दिवसात शंभर पेट्या घेऊन आला तर वॉचमन अडवणारच. जानेवारीत गेल्या वर्षीच्या पक्क्या गिऱ्हाइकांपासून सुरू करा, मोहोराचा फोटो पाठवा, मग दर आठवड्याला आकडा वाढवत न्या.

आता डिझाइन

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टर तसंच्या तसं मेलमध्ये डकवणं. चित्रं बंद असली की समोर कोरी चौकट येते. भाव, डझन, पोचवण्याची तारीख, फोन नंबर हे सगळं टाइप केलेलं हवं. चित्र एक-दोनच, आणि चित्र दिसलं नाही तर त्या जागी दिसेल अशी वर्णनाची ओळ.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फाँटमधला मजकूर पेस्ट केला की ग्राहकाला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. दुसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही : इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल खालचा भाग कापून झाकतो. अनसबस्क्राइबची लिंक तळाशी असते, ती झाकली जाते आणि वैतागलेला माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून लांबण लावू नका.

रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास, अक्षर १६ च्या खाली नको, ओळींत मोकळी जागा जरा जास्त, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. विषयाची ओळ छोटी : 'पहिल्या तोडणीचा हापूस, शुक्रवारी मुंबईत' पुरे. उद्गारचिन्हांची माळ नको.

मेल जीमेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये (जाहिरातींच्या कप्प्यात) दिसला तर घाबरू नका, तो स्पॅम नव्हे. तिथून बाहेर काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. 'किती जणांनी उघडला' या आकड्यावरही फार विसंबू नका. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप ग्राहकाने न बघताही चित्रं उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेलाही उघडलेला दिसतो. फोन किती आले आणि पेट्या किती गेल्या, ते मोजा.

आमच्याकडे येताना

गेल्या दोन हंगामांची बिलं किंवा वही, सध्याचा एखादा मेल आणि डोमेनचा लॉगिन घेऊन या. लॉगिन बहुधा मालकाकडे नसतो. वेबसाइट करून दिलेल्या भाच्याच्या नावावर असतो, आणि तो आता पुण्यात असतो. त्याला आधी फोन करून ठेवा.